रिकामा कॅच आणि शून्य फॅट

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काही बिघाड (एक्सेप्शन) 'चेक्ड' असतात, म्हणजे त्यांचं काय करायचं ते कोडमध्ये लिहावंच लागतं. या चेक्ड एक्सेप्शनला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातली नाही. पण त्या कल्पनेचं जावात जे झालं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. का, ते करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या कोडवरून सांगते.

संस्थेत पहाटे संकलन चालतं. काट्यावर वजन, मग फॅट मशीन. मशीनचा आकडा केबलमधून थेट संगणकात येतो आणि दहा दिवसांच्या बिलात जाऊन बसतो. एका सकाळी बऱ्याच उत्पादकांच्या नावावर फॅट शून्य पडली. "म्हशीच्या दुधाला शून्य फॅट कशी लागंल, मॅडम?" सचिवांनी फोनवर विचारलं. केबल ढिली झाली होती, एवढंच कारण.

कोड जुना, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला. केबलच्या पोर्टवरून वाचताना काही बिनसलं तर आयओ-एक्सेप्शन, म्हणजे आकडे आत-बाहेर करतानाचा बिघाड, थ्रो होतं (वर फेकलं जातं). हे चेक्ड असल्यामुळे जावा अडवते: एकतर पकडा, नाहीतर फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'थ्रोज' लिहून वरच्याला कळवा. इथे पकडलं होतं, पण पकडल्यावर काय करायचं ते जिथे लिहितात ते कॅचचे कंस रिकामे होते. तेवढ्यानं भागलं नसतं, कारण ट्रायच्या आत, म्हणजे फसू शकणाऱ्या भागात, किंमत मिळाली नाही तर व्हेरिएबल कोरंच राहील, असं म्हणून कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) पुन्हा अडवतो. म्हणून वरच्या ओळीत 'फॅट बरोबर ०.०' लिहिलेलं. कंपायलरनं दोनदा हटकलं आणि दोन्ही वेळा त्याला गप्प केलं.

लिहिणाऱ्याला दोष देऊन मी थांबू शकत नाही. 'थ्रोज' लिहायचं तर मधल्या इंटरफेसमध्ये, त्याच्या वरच्या प्रत्येक फंक्शनमध्ये, पार स्क्रीनपर्यंत लिहीत जावं लागलं असतं. लपवायला दोन कंस पुरले. बिघाड वर कळवणं हे तो गिळण्यापेक्षा सोपं असलं पाहिजे, आणि ते बघणं भाषा घडवणाऱ्याचं काम आहे.

१९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटानं केलेल्या सीएलयू भाषेत यावर छान विचार होता. प्रोसिजर कोणते सिग्नल देऊ शकते ते तिच्या मथळ्यातच लिहायचं. सिग्नल फक्त थेट बोलावणाऱ्याकडे जाणार. त्यानं हाताळला नाही तर त्याचा आपोआप 'फेल्युअर' होऊन तो वर जाणार. काही न लिहिणाऱ्याच्या हातूनही बिघाड दडपला जात नाही. जावानंतर आलेल्या सी-शार्प भाषेनं चेक्ड एक्सेप्शन घेतलीच नाहीत. रस्ट भाषेनं २०१६ मध्ये प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर आणला: बिघाड वर पाठवायला एक चिन्ह, आणि कुठली ओळ फसू शकते तेही डोळ्यांना दिसतं. मला आजवर पटलेला सगळ्यात चांगला तोडगा हाच.

सचिवांची मागणी वेगळी होती. केबल बसवली की जिथे अडलं तिथूनच पुढे चालू झालं पाहिजे. याला रिझम्पशन म्हणतात. झेरॉक्सच्या मेसा भाषेत ती सोय होती. पुढे सी++ भाषेत काय ठेवावं यावर वाद झाला, तेव्हा मेसावर काम केलेल्या जिम मिचेल यांनी सी++ च्या समितीला तिथला अनुभव सांगितला: मोठ्या सिस्टिममधून रिझम्पशनचे वापर वर्षानुवर्षांत गळत गेले आणि शेवटी जवळजवळ उरलेच नाहीत. सी++ नं ते घेतलं नाही. योग्यच केलं. खोल आतल्या फंक्शनला बाहेर माणसं रांगेत उभी आहेत हे ठाऊक नसतं. थांबायचं, पुन्हा वाचायचं की हातानं आकडा टाकायचा, हे स्क्रीनपाशी ठरतं.

संस्थेचा संगणक आणि बाकीचा कोड बघता जावा सोडणं शक्य नव्हतं. मग वाचनाच्या फंक्शनमधून आकडा परत करणंच बंद केलं. आता ते एक सील्ड टाइप, म्हणजे ज्याचे पर्याय आधीच ठरलेले आहेत असा प्रकार, परत करतं: 'वाचन' किंवा 'बिघाड'. जावा २१ मध्ये अशा प्रकारावर चालणाऱ्या स्विचला (पर्यायाप्रमाणे वाट निवडणाऱ्या रचनेला) दोन्ही शाखा द्याव्याच लागतात, एक गाळली तर कंपाइल होत नाही. स्विचमधून गेल्याशिवाय आकडा हातातच येत नाही, त्यामुळे ०.० भरून ठेवायला व्हेरिएबल उरलेलं नाही. बिघाडाच्या शाखेत स्क्रीनवर 'मशीनकडून आकडा आला नाही' असं येतं, दोन बटणं असतात, 'पुन्हा वाचा' आणि 'हातानं भरा', आणि हातानं भरलेल्या फॅटपुढे बिलात 'ह' छापला जातो.