नुसताच पुढे ढकललेला कॉल

कॉल सेंटरमध्ये आज पुन्हा तेच. कॉल आला आणि पहिलंच वाक्य: "परत पहिल्यापासून सांगू का?" समोर नाव नाही, नोट नाही. माझ्या सहकारिणीने तो नुसता पुढे ढकलला होता.

त्या माणसाचा राग आला नाही. तो चिडणारच. राग तिचा आला, आणि शिफ्ट संपली तरी जात नाहीये. तीस सेकंद, एवढंच तर मागणं आहे.

वॉर्म ट्रान्सफरला तेवढाच वेळ लागतो. ग्राहकाला विचारून होल्डवर ठेवायचं, आधी सहकाऱ्याशी बोलायचं. तीन गोष्टी सांगायच्या: कोण आहे, आतापर्यंत काय करून झालं, आपण काय कबूल केलंय. मग तिघं एका लाईनवर, ओळख, आणि आपण बाहेर. यातलं 'काय कबूल केलंय' हेच बहुतेक वेळा गळतं. मग एक म्हणतो आज होईल, दुसरा म्हणतो तीन दिवस, आणि ग्राहकाच्या लेखी दोघंही खोटारडे.

होल्डचंही तसंच. "एक मिनिट हं" म्हणून म्यूट दाबायचं, की पलीकडे शुकशुकाट. लाईन कट झाली की काय म्हणून तो हॅलो-हॅलो करत बसतो. होल्डवर निदान काहीतरी वाजतं. कारण सांगावं, वेळ सांगावी, आणि उत्तर सापडलं नसलं तरी त्या वेळेच्या आत परत यावं. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेतल्या माणसांबद्दल हेच लिहिलं होतं: किती थांबायचं आणि का, हे माहीत नसलं की थांबणं लांबल्यासारखं वाटतं. तेव्हापासून आपण "एक मिनिट"च म्हणतोय.

पण तिने का नाही सांगितलं? मला एवढं गृहीत धरावं? टीममध्ये बाकी कुणाला नाही, मलाच...

नाही, हे खरं नाही. ती सगळ्यांनाच असे कॉल देते, आणि एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, बघितला की कारण कळतं. बोलणं, होल्ड आणि कॉलनंतरचं काम यांची बेरीज, भागिले कॉल. नोट लिहिली की आकडा वाढतो, वॉर्म ट्रान्सफर केला तर आणखी. तिचे तीस सेकंद वाचतात; ग्राहक सगळं परत सांगतो ती चार मिनिटं माझ्या नावावर चढतात. आकड्यांच्या बोर्डावर ती हिरवी, मी लाल. फर्स्ट कॉल रिझोल्यूशन, म्हणजे पहिल्याच कॉलमध्ये किती प्रश्न सुटले ते, त्याच बोर्डावर शेजारी लावलं असतं तर चित्र उलटं दिसलं असतं. असो, बोर्ड लावणाऱ्यांना कोण सांगणार.

तो राग मी पुढच्या कॉलमध्ये मात्र नेला. शब्द स्क्रिप्टमधलेच, "मी आपली काय मदत करू शकते", पण शेवटचा शब्द आपटला. पलीकडच्या बाई लगेच सावध झाल्या, "नाही, छोटंच काम आहे" म्हणाल्या. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या हसण्याला श्रम म्हटलं ते यासाठीच. वरवरचं हसू आवाजात टिकत नाही. दोन कॉलच्या मध्ये ऑक्सवर, म्हणजे कॉल येणं थोडा वेळ थांबवून, पाणी प्यायलं तर उतरतं थोडं. पण ऑक्सचाही हिशेब असतोच.

रॅप-अपला, कॉल संपल्यावरच्या नोंदीत, कोड निवडायचा होता. बिलिंग, तांत्रिक, चौकशी, इतर. मी 'इतर' दाबलं.

उद्याच्या रोस्टरमध्ये ती माझ्या शेजारच्या सीटवर आहे. म्हणजे निदान हेडसेट काढून, मान वळवून तरी सांगेल. नाहीतर मी विचारेन, "काय कबूल केलंयस?"