ज्वालामुखीच्या नकाशावर गोठा कुठे आहे?

कोलंबियातील नेवाडो देल रुईस या ज्वालामुखीचा धोका दाखवणारा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता आणि आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेत येते, हे त्यावर स्पष्ट दिसत होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेक झाला, शिखरावरचे बर्फ वितळले आणि राख, दगड व पाणी यांचा लोंढा नदीपात्रातून वाहत सुमारे अडीच तासांनी गावावर आदळला. वीस हजारांहून अधिक माणसे गेली. अडीच तासांत उंचावर पोहोचता आले असते, म्हणूनच ही घटना मला स्वस्थ बसू देत नाही.

सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांना हे परके वाटू नये. निळी आणि लाल पूररेषा आपल्याकडेही आखलेली आहे, तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा घराघरांत माणसे अडकलेली होती.

ज्वालामुखीच्या नकाशावर निरनिराळे धोके निरनिराळ्या रंगांत दाखवतात. लाव्हा बहुधा सावकाश सरकतो. माणूस वाचतो, घर आणि शेत जाते. तप्त वायू आणि राखेचा लोट मात्र उतारावरून इतक्या वेगाने येतो की त्याच्यापुढे पळणे शक्य नसते. राखेचा धोका लोकांना कमी वाटतो, पण १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोचा मोठा उद्रेक आणि चक्रीवादळ एकाच दिवशी आले, पावसाने भिजलेली राख जड झाली आणि तिच्या भाराने छपरे कोसळून अनेक माणसे दगावली. त्याआधी हजारो लोकांना हलवले होते, म्हणून संहार पुष्कळ टळला.

आर्थिक हानी तर नकाशावरील वर्तुळाच्या कितीतरी बाहेर जाते. २०१० मध्ये आइसलँडच्या राखेमुळे युरोपातील विमाने थांबली आणि दूर केनियातील फूलउत्पादकांचा माल पडून खराब झाला. युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या आपल्या तासगावच्या बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग अशा डोंगराखाली लोक का राहतात? जमीन कसदार असते म्हणून. आपली काळी जमीनदेखील सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून झालेली आहे. फरक इतकाच की आपला लाव्हा केव्हाच थंड झाला.

इंडोनेशियातील मेरापीच्या उतारावर शेतीबरोबर दूधधंदाही आहे. २०१० च्या उद्रेकात धोक्याचे क्षेत्र १० वरून १५ आणि पुढे २० किलोमीटरपर्यंत वाढवले गेले आणि लाखो लोक छावण्यांत गेले, त्यामुळे हजारो जीव वाचले. तरीही साडेतीनशेच्या आसपास माणसे दगावली. छावणीत गेलेले कित्येक जण गुरांना वैरण घालायला दिवसा पुन्हा वर जात होते. अखेर सरकारला ती गुरे विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली.

२०१९ च्या पुरात भिलवडीच्या माझ्या मावशीला न्यायला नाव आली, तेव्हा तिने विचारले होते, "दावणीची जनावरं सोडून कुठं येऊ रे?" तिच्या दोन्ही म्हशी गाभण होत्या आणि घरातला रोख पैसा म्हणजे डेअरीचे दर दहा दिवसांचे बिल. तिला अडाणी किंवा हट्टी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिचा हिशेब चोख होता. आमच्याकडच्या पूर आराखड्यात मात्र त्या हिशेबाला जागाच नव्हती.

म्हणून धोक्याच्या रंगांवर आणखी एक थर चढवायला हवा, असे माझे ठाम मत आहे: गोठे कुठे आहेत, कोणत्या घराचे पोट दुधावर आहे, कर्ज किती थकले आहे, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस कोणाकडे आहे आणि जनावरांसह निघायला कोणता रस्ता चालतो. ही माहिती उपग्रहाकडून मिळत नाही. ती तलाठी, आशा कार्यकर्ती आणि दूध संकलन केंद्रातील मुलगा यांच्याकडे असते. ती पावसाळ्यापूर्वी, आणि ज्वालामुखीच्या देशांत डोंगर शांत असतानाच, गोळा करावी लागते. जनावरांची छावणी आणि चारा कुठे मिळणार, हे माणसांच्या निवाऱ्याबरोबरच जाहीर झाले, तर नाव दारात आल्यावर मावशीला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.