तुम्ही विचारलंत म्हणून : ती चूक मी का सांगत राहतो

“डॉक्टर, स्वतःची चूक अशी चारचौघांत कशाला सांगता?” तालुक्यातल्या डॉक्टरांच्या प्रत्येक बैठकीनंतर कुणीतरी मला हे विचारतंच. कुणी काळजीपोटी, कुणी चिडून. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बाजूला घेऊन बजावलं, “लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास आधीच उडत चाललाय, त्यात तुम्ही भर घालताय.” आजवर मी “सांगायला हवं म्हणून” एवढंच बोलून सुटत आलो. आज नीट सांगतो.

२०१४ चा जून. आठवडी बाजाराचा दिवस, बाहेर बाकं भरलेली. ती ३७ वर्षांची, अंगणवाडी सेविका. खुर्चीच्या टोकावर बसली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, “परसाकडला गेलं की रक्त पडतंय. मूळव्याधच असणार. आईलाबी असंच व्हायचं.”

निदान तिने केलं, मी फक्त ते कागदावर उतरवलं. मलम, इसबगोल, गरम पाण्याचा शेक, तिखट बंद. टेबलावर झोपवून तपासलं नाही. आईला काय झालं होतं, आई आहे की गेली, हेही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये ती परत आली. आता शेम पडत होती, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटत होतं. मी आव समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन ८.६ आलं. बाईमाणूस, पाळी चालू, म्हणजे रक्त कमी असायचंच, असं धरून लोहाच्या गोळ्या लिहिल्या. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा आली. तिच्या केसपेपरवर जूनचं वजन ५४ किलो आहे आणि नोव्हेंबरचं ४९. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात. मी ते लिहिले, पण एकापुढे एक ठेवून वाचले नाहीत.

जानेवारीत तिच्या दिराने तिला शहरात नेलं. तिथल्या सर्जननी पहिल्याच भेटीत गुदद्वारात बोट घालून तपासलं, डॉक्टरी भाषेत पीआर. गुदद्वारापासून ४ सेंटिमीटरवर कॅन्सरची गाठ होती. बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचतं. म्हणजे माझंही पोचलं असतं.

त्या सर्जनचा मला फोन आला. अतिशय सभ्यपणे त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही पीआर केलं होतं का? तेव्हा काही लागलं होतं?”

मी म्हणालो, “केलं होतं. काही लागलं नव्हतं.”

हे वाक्य मी कुठल्याही बैठकीत सांगितलेलं नाही. तपासलं नाही एवढं सांगतो, खोटं बोललो हे गाळतो. तिच्या उपचारात त्या खोट्याने काही फरक पडला नसेल. पण गाठ बोटाला लागेल एवढी खाली होती आणि तरीही तपासणीत सापडली नाही, अशी नोंद कुठेतरी माझ्यामुळे झाली.

आता माझी बाजू. जूनमध्ये त्या दिवशी सिस्टर रजेवर होती, आणि बाईला एकट्याने तपासणं योग्य नव्हतं. सत्तर पेशंट होते. ‘खालून तपासावं लागेल’ म्हटलं की निम्मे लोक पुन्हा येत नाहीत. हमरस्त्यावर ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन’ असे फलक लावलेल्या ठिकाणी जातात. आम्ही शिकलो तेव्हा आतड्याचा कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा आणि म्हाताऱ्यांचा आजार होता. हे सगळं खरं आहे. आणि “उद्या सिस्टर असताना या, तपासल्याशिवाय औषध देणार नाही” एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो, हेही खरं आहे. ऑगस्टमध्ये तर सिस्टर होती.

आपल्याकडे या आजाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण होतो तेव्हा पन्नाशीच्या आतल्यांचा वाटा मोठा असतो, आणि त्यात गुदाशयाचा जास्त. अमेरिकेत सर्वसाधारण माणसाच्या या तपासणीचं, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीचं, वय २०२१ मध्ये पन्नासवरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी कॅन्सर तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. म्हणजे पेशंट स्वतःहून रक्त पडतंय म्हणतो, तीच आपली मोहीम. मूळव्याध दिसली म्हणजे वर गाठ नसेलच असं नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. डोळ्यांना रक्त दिसत असताना शौचातलं लपलेलं रक्त शोधायची चाचणी कशाला? आणि चेकअपच्या पॅकेजमधली सीईए ही कॅन्सरसाठीची रक्तचाचणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त झालेले लोक बघून मला अजूनही संताप येतो. ती निदानाची तपासणी नाही.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, “मग प्रत्येक मूळव्याधीला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, लिहिणार? तालुक्यात ती होत नाही. शहराचा हेलपाटा, मजुरी बुडणार, पैसे कोण देणार?” मी म्हणतो, बोटाला पैसे पडत नाहीत. तो म्हणतो, “आणि गाठ बोटाच्या वर असली तर?” इथे मी गप्प होतो. वजन, हिमोग्लोबिन, बदललेली सवय आणि घरातला इतिहास पाहून ठरवतो, पण कुणीतरी सुटत असणारच.

तिला आधी किरणं आणि केमो दिले, मग ऑपरेशन झालं. गुदद्वार काढावं लागलं, पोटावर शौचाची कायमची पिशवी आली. किरणांनी पाळी ३८ व्या वर्षीच थांबली. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी मी तिच्या घरी गेलो. नवऱ्याने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी सांगितलं की मी तपासलं नव्हतं, तपासलं असतं तर गाठ लागली असती.

ती बराच वेळ पदराचं टोक चोळत बसली. मग म्हणाली, “तवाच कळलं असतं तर पिशवी चुकली असती का?”

मला माहीत नव्हतं. एवढ्या खालच्या गाठीत कधीकधी लवकर कळूनही पिशवी टळत नाही. कधीकधी टळते. मी तेच सांगितलं.

“मग हे मला कशाला सांगताय डॉक्टर? मी आता याचं काय करू?”

मी उत्तर न देता उठलो. चहा तसाच राहिला. परतताना गाडीवर मला लख्ख कळलं की मी तिच्यासाठी गेलो नव्हतो, स्वतःचं ओझं तिच्या दारात ठेवून यायला गेलो होतो. बैठकीत बोलतो तेव्हाही हीच शंका असते, की समोरच्या तरुण डॉक्टरांच्या हाताला सवय लागावी म्हणून बोलतो की मला हलकं वाटावं म्हणून. दोन्ही असेल. माझं ऐकून किती जणांनी ग्लोव्ह घालायला सुरुवात केली, मी मोजलेलं नाही.

तिचा नवरा अजून माझ्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला येतो. ती येत नाही. त्याच्याकडूनच कळलं की तिची आई पंचेचाळिशीत पोट फुगून गेली होती. तिच्या गाठीचा आनुवंशिकतेचा तपास तेव्हा कुणी केला नाही. मुलगा तेव्हा दहावीत होता. आई-वडिलांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर चाळिशीपासून किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, यातलं जे आधी येईल तेव्हापासून, मुलांची कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. ३७ वजा १०. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, या दिवाळीत त्याला २७ पूर्ण होतील आणि तो घरी येणार आहे. नवऱ्याला मी हे दोनदा सांगितलं. तो हो म्हणाला आणि गोळ्या घेऊन गेला. आता त्या घरी पुन्हा मलाच जावं लागणार आहे.