वर्गात येऊन बसणारे प्रशिक्षण

एस्टोनियाची राजधानी असलेल्या ताल्लिनमधल्या ज्या शाळेत मी मदतनीस शिक्षिका म्हणून काम करते, तिथला एक नियम मला रुजू झाल्यापासून अस्वस्थ करत आला आहे. शाळेत नवे उपकरण आले, की शिक्षकाने ते आपल्याच वर्गात, आपल्याच विषयाच्या तासाला, शिक्षण-तंत्रज्ञ बाईंच्या उपस्थितीत एकदा वापरून दाखवल्याशिवाय त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे कोणी धरत नाही. हजेरीपट, प्रमाणपत्र किंवा प्रशिक्षणाचे छायाचित्र यांपैकी कशालाही त्या तासाची जागा घेता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवताना मी प्रशिक्षणांच्या प्रमाणपत्रांची जाड फाइल जमवली होती आणि त्यातले एकही प्रमाणपत्र देण्यापूर्वी कोणी माझ्या वर्गात डोकावले नव्हते, हे मला इथे आल्यावर प्रथम जाणवले.

या शिक्षण-तंत्रज्ञ बाईंविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण एस्टोनियाच्या शाळांचे कौतुक करणाऱ्या लेखांत संगणकांची संख्या येते, पण हे पद बहुधा सुटून जाते. संगणक बिघडला तर तो दुरुस्त करणारा माणूस वेगळा आहे. या बाई मुळात शिक्षिका असून त्यांनी अनेक वर्षे गणित शिकवले आहे. त्या शाळेच्याच कर्मचारी आहेत, शिक्षककक्षात त्यांचे टेबल आहे आणि मधल्या सुट्टीत त्या आमच्याबरोबरच कॉफी घेतात. कोणीही शिक्षक त्यांच्याकडे जाऊन ‘मला अमुक पाठ शिकवायचा आहे’ असे सांगतो आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या तासाच्या शेवटी मुलांना नेमके काय कळायला हवे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत उपकरणाचा विषय त्या काढत नाहीत. एका शिक्षकाला त्यांनी ‘या पाठाला टॅबलेटची गरज नाही, कागदाच्या घड्या पुरेशा आहेत’ असे सांगितलेले मी ऐकले आहे. तंत्रज्ञानाच्याच कामासाठी नेमलेल्या व्यक्तीला असे म्हणता येते, कारण किती शिक्षकांनी किती वेळा टॅबलेट वापरले याची माहिती त्यांना कोणत्याही कार्यालयाला पाठवायची नसते.

मागच्या हिवाळ्यातला एक तास मी मागे बसून पाहिला. विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकारी वयाची साठी ओलांडलेल्या आहेत. वितळणाऱ्या बर्फाच्या तापमानाचा आलेख पडद्यावर उमटवणारा संवेदक त्या प्रथमच वापरणार होत्या. तो ऐन वेळी संगणकाशी जोडलाच जाईना. शिक्षण-तंत्रज्ञ बाई जवळच उभ्या होत्या, पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. त्या फक्त हळू आवाजात पुढची पायरी सांगत होत्या आणि यंत्राला हात एकट्या शिक्षिकेचाच लागत होता. तेवढ्या वेळात वर्गाने काय करायचे, हेही आदल्या दिवशी दोघींनी ठरवून ठेवले होते: आलेख कसा दिसेल असे वाटते, ते प्रत्येकाने वहीत काढायचे. जवळजवळ सगळ्यांनी वर चढत जाणारी रेघ काढली. संवेदक जोडला गेल्यावर पडद्यावरची रेघ मात्र शून्याशी आली आणि बर्फ वितळत असताना तिथेच आडवी सरकत राहिली. एक मुलगा उठून चंचुपात्राखालचा दिवा खरोखरच पेटलेला आहे का, ते पाहून आला. उष्णता मिळत असूनही तापमान का वाढत नाही, हा प्रश्न मुलांनीच विचारला आणि उरलेला तास त्यावरच गेला. नंतर दोघी पाऊण तास बोलत बसल्या, त्यात संवेदकाचा उल्लेख जेमतेम आला. बोलणे झाले ते कोणत्या मुलाने काय उत्तर दिले आणि ते त्याला कशावरून सुचले असावे, यावर. हा पाऊण तास कामाच्या वेळेतला होता. इथे पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ३५ तासांचा असतो आणि अध्यापनाबरोबर तयारीही त्यातच धरलेली असते.

हे एका शाळेचे किंवा एका बाईंचे गुण म्हणून सोडून देता येत नाही. १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेल्या या सुमारे तेरा लाख लोकवस्तीच्या देशात १९९६ साली राष्ट्राध्यक्ष लेन्नार्त मेरी यांनी ‘टीग्रिह्युप्पे’, म्हणजे वाघाची झेप, हा कार्यक्रम जाहीर केला. संगणक आणि इंटरनेट शाळांपर्यंत नेण्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्याचा पहिल्यापासूनचा भाग होता. २०१२ मध्ये शाळांत प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी ‘प्रोगेटायगर’ आला, तेव्हाही शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर होता. सप्टेंबर २०२५ पासून ‘टीआय-ह्युप्पे’ नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा कार्यक्रम दहावी-अकरावीच्या २०,००० विद्यार्थ्यांसाठी आणि ३,००० शिक्षकांसाठी आखण्यात आला, त्यातही शिक्षकांची तयारी आधी सुरू झाली. आणि हे सगळे तरुण शिक्षकांच्या बळावर चाललेले नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत इथले निम्म्याहून अधिक शिक्षक पन्नाशी गाठलेले होते. ‘आता या वयात कुठे हे शिकणार’ असे आपल्याकडे ज्येष्ठ गुरुजींविषयी सर्रास बोलले जाते, ते ऐकले की मला आमच्या विज्ञानाच्या बाई डोळ्यांसमोर येतात.

आता आपल्याकडचे. एका तालुक्याच्या ठिकाणी झालेले प्रशिक्षण मला आठवते. शंभरावर शिक्षक एका सभागृहात होते, मोबाइलला रेंज नव्हती, आणि ‘वर्गात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’ या विषयावर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवत होते. संध्याकाळी हजेरीची ऑनलाइन लिंक भरायची होती आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकायचे होते. त्या सुलभकांना मी दोष देत नाही, तेही शेजारच्या केंद्रातले, म्हणजे शेजारच्या शाळासमूहातले शिक्षकच होते आणि त्यांनाही तीन दिवसांपूर्वी असेच वाचून दाखवलेले होते.

तरीही इथल्या सहकाऱ्यांसमोर मी हे सांगते, तेव्हा त्याच्यापुढचेही सांगितल्याशिवाय राहत नाही. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या गुणवत्तावाढीच्या कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांनी लोकवर्गणी काढून शाळांत प्रोजेक्टर बसवले. तंत्रस्नेही शिक्षकांनी रात्री जागून शैक्षणिक व्हिडिओ आणि इंटरनेटशिवाय चालणारी अ‍ॅप तयार केली आणि ती एकमेकांना फुकट वाटली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ते पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी रकमेचा अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. त्यांच्या कल्पनेचे मूळ कोणत्याही सभागृहातल्या प्रशिक्षणात नव्हते. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे करणाऱ्या आणि शाळेचे वीजबिल वेळप्रसंगी खिशातून भरणाऱ्या शिक्षकांची तुलना ताल्लिनच्या शिक्षकांशी करणे न्यायाचे नाही, हे मी इथे दर वेळी ठासून सांगते. शिवाय इथेही सारे आलबेल नाही. जानेवारी २०२४ मध्ये इथले शिक्षक पगारासाठी संपावर गेले होते आणि नव्या पिढीतून पुरेसे शिक्षक मिळत नाहीत, ही चिंता इथेही आहे.

कायम नोकरी सोडून तिकडे मदतनीसच झालीस ना, असे गावाकडून अधूनमधून विचारले जाते. त्यावर माझे उत्तर असे, की मदतनीस असल्यामुळेच मला इतर शिक्षकांच्या वर्गात दिवसभर बसायला मिळते. गावाकडे शेजारच्या वर्गात गुरुजी अपूर्णांक कसे शिकवतात, हे मला कधी पाहता आले नाही, कारण त्याच वेळी माझ्यापुढे माझे दोन वर्ग बसलेले असत. शिकवणे जवळून पाहायला मिळणे ही शिक्षकाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, आणि ती पदाच्या नावापेक्षा मला मोलाची वाटते.

ज्या पदाचे मी इतके कौतुक करते आहे, त्याच्या अगदी जवळचे पद आपल्याकडेही आहे. तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती असतात आणि शाळेत जाऊन शिक्षकाला वर्गात मदत करणे हेच त्यांचे मूळ काम आहे. पण माझ्या ओळखीच्या साधनव्यक्तींचा बहुतेक वेळ माहिती गोळा करण्यात आणि तक्ते भरण्यात जातो. आठवड्यातले दोन दिवस जरी त्यांना तक्त्यांपासून मोकळे केले, तरी नवे पद आणि नवा निधी यांची वाट पाहावी लागणार नाही.

हे मी माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीला लिहिले, तेव्हा तिने केंद्रप्रमुखांशी बोलून एक परवानगी मिळवली. पुढच्या शिक्षण परिषदेचा, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीचा, अर्धा वेळ भाषणांऐवजी तिच्या सातवीच्या वर्गात घालवायचा आणि केंद्रातले शिक्षक मागे बसून तास पाहणार. पाठ तिने बर्फाचाच निवडला आहे आणि इथून संवेदक पाठवता येईल का, असे मला विचारले आहे. मी तिला साधा तापमापी, आलेखाचा कागद आणि रसवंतीवाल्याकडचा बर्फ घ्यायला सांगितले आहे, आणि मुलांनी भरलेल्या नोंदींचा आलेख शाळेतल्या टीव्हीवर मुलांकडूनच कसा काढून घ्यायचा, यासाठी रविवारी दोघींनी व्हिडिओ कॉलवर बसायचे ठरले आहे.