मे महिन्यात कोरडं, श्रावणात गळकं

श्रावण लागला होता. जुळे सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. दुकान चाटी गल्लीत, पण जादा माल घराच्या तळघरात ठेवलेला. छताकडून पाणी ठिबकत होतं, गठ्ठे भिजत होते आणि प्लंबरनं हात टेकले होते. मी एसीच्या कामातला माणूस. म्हणालो, "मालक, गळतीचं काम माझं नाही." ते म्हणाले, "तळघरातून एसीचे पाइप गेलेत. एकदा बघून तर जावा."

गेलो तर वरच्या बाथरूमची अर्धी फरशी उखडलेली. नहाणीचं तोंड बंद करून पाणी तुंबवलं होतं, त्यात लाल रंगही घालून बघितला होता. खाली लाल थेंब एकही उतरला नव्हता. तरी भिंतीतला पाइप उघडा करायला दुसऱ्या दिवशी माणसं येणार होती. असं दिसलं की जीव तुटतो. चांगल्या घरात छिन्नी-हातोडा चालतो तो बऱ्याचदा कुणी दोन प्रश्न नीट विचारले नाहीत म्हणून.

मी विचारलं, "गळतं कधी?"

मालक म्हणाले, "सारखंच."

जिन्यात उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "सारखं न्हाई. सकाळी उठून बगावं तर धार लागलेली असती. दुपारी थांबतंय."

"आणि उन्हाळ्यात, आजी?"

"एक थेंब न्हाई बाळा."

निम्मं उत्तर आजींनी तिथंच दिलं. गच्चीवरची टाकी चोवीस तास भरलेली असते. नळाचा पाइप फुटला असेल तर तो सकाळ-दुपार बघत नाही. या घरात रात्रभर चालून सकाळी बंद होणारी गोष्ट एकच होती, बेडरूमचे एसी. समोरून घर चांगलं दिसावं म्हणून आऊटडोअर युनिटं मागच्या बाजूला बसवली होती आणि नळ्या तळघराच्या छताखालून लांबवर नेल्या होत्या.

एसी चालू करायला सांगितलं आणि स्टूलवर चढलो. पांढऱ्या टेपमध्ये गुंडाळलेली नळ्यांची जुडी, दर तीन-चार फुटांवर लोखंडी क्लॅम्प. एक हातभर भाग सुती फडक्यानं कोरडा पुसला आणि बॅटरी धरून बघत राहिलो. आधी टेपवर वाफ बसल्यासारखी चमक आली. मग मोहरीएवढे थेंब दिसायला लागले. ते एका बाजूला नव्हते, सगळ्या गोलाईवर होते. हळूहळू एकमेकांत मिसळत खाली सरकले, क्लॅम्पपाशी जमले आणि तिथून टपकन गठ्ठ्यावर. वरून पाझरलेलं पाणी जुडीच्या पाठीवरून ओघळत येतं. ते पुसल्या जागी चारी बाजूंनी एकदम उगवत नाही. मालकांना स्टूलवर चढवून बोट लावून बघायला लावलं.

त्यांनी विचारलं ते रास्तच होतं. "मेमध्ये तर एसी यापेक्षा जास्त चालतो. तेव्हा का नाही?"

खिशातलं आर्द्रतेचं मीटर दाखवलं. तळघरात 29 अंश आणि 82 टक्के. अशी हवा एखाद्या वस्तूला लागली आणि ती वस्तू साधारण 25 अंशांपेक्षा गार असली, की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. टेपवर तापमानाची गन धरली तर 17 अंश. आता सोलापूरचा मे घ्या. 41 अंश ऊन आणि हवेत 20 टक्के ओलावा असला तर तीच हद्द 13-14 अंशांवर उतरते. 17 अंशांची नळी तेव्हा कोरडीच राहणार. दोष बसवल्या दिवसापासून होता. आमच्या उन्हाळ्याची कोरडी हवा त्याला झाकून ठेवत होती.

टेप सोडली आणि दोष हाती लागला. जाड नळीवर फोम होता, पण बारीक नळी तशीच उघडी ठेवून वर टेप मारलेली. जाड नळी तेवढी गार, असं पुष्कळ फिटर धरून चालतात. घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब बाहेरच्या युनिटमध्येच उतरवलेला असतो, त्यामुळे घरात येणारी बारीक नळीही गारच असते. जाड नळीवरचा फोमही 9 मिलिमीटरचा, क्लॅम्पनं दाबून कागदासारखा झालेला, सांध्यांना फटी. काही तुकडे पाणी पिऊन जड झाले होते. भिजलेला फोम गार अडवत नाही, तो वाळवून परत वापरण्यात अर्थ नसतो.

सगळा जुना फोम काढला. एसी बंद ठेवून नळ्या कोरड्या ठणठणीत होऊ दिल्या, कारण ओल्या नळीवर फोम चढवला तर ते पाणी आतच राहतं. मग दोन्ही नळ्यांना वेगवेगळा 19 मिलिमीटरचा काळा नायट्राइल फोम घातला. उभी चीर आणि प्रत्येक सांधा चिकटद्रव्यानं बंद केला. नुसत्या टेपवर भरवसा ठेवायचा नाही, टेप ही वरची ओढणी. क्लॅम्प रुंद घेतले आणि फोम दबणार नाही एवढेच आवळले. निचऱ्याच्या पाइपातूनही गार पाणी जातं, म्हणून त्यालाही फोम.

ओल जावी म्हणून मालकांनी तळघराच्या झरोक्यांना पंखे लावले होते, रात्रंदिवस चालू. पावसाळ्यात बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, तीच आत ओढली जात होती. ते बंद करायला लावले. झरोके उघडायचे ते हवा कोरडी झाल्यावर, हिवाळ्यात.

भिंतींचीही शंका होती. चादरीच्या पिशवीचं प्लास्टिक फुटभर कापून दोन ठिकाणी भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे हवेतलं. मागच्या कोपऱ्यात मात्र आतल्या अंगाला. तिथं खरंच मातीतून ओल येत होती. ते काम वॉटरप्रूफिंगवाल्याचं आणि भिंत वाळल्यावर उन्हाळ्यातच करण्याचं, हे मी स्पष्ट सांगितलं. तोवर त्या कोपऱ्यातले गठ्ठे हलवून भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर रचून घेतले. बाथरूममध्ये फरशी परत बसवायचं काम त्याच दिवशी सुरू झालं.