चरईतला मलिदा

ठाण्याला मी लहानपणापासून येत-जात आहे, पण टेंभी नाक्यावरच्या सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरासमोर, कधी थांबले नव्हते. १८७९ सालचं हे 'शाआर हाशामाइम', म्हणजे स्वर्गाचं दार. यंदा मुद्दाम गेले ते 'तू बिश्वात'च्या, म्हणजे ज्यूंच्या झाडांच्या सणाच्या दिवशी, कारण चरईत राहणाऱ्या मैत्रिणीच्या आईने मलिद्याला बोलावलं होतं.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायली समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा काकूंनी आधी सांगितली. दोनेक हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या, पण 'शेमा' ही प्रार्थना तोंडपाठ राहिली. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मला लगेच चित्पावनांच्या कथेतली, परशुरामाने जिवंत केलेली किनाऱ्यावरची चौदा प्रेतं आठवली. कोकणच्या समुद्राने दोन समाजांना जवळजवळ एकच जन्मकथा दिलीय, आणि शाळेत आम्हाला त्यातली एकच ठाऊक होती याची मला खरंच खंत वाटली.

मग मलिदा. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची. भोवती केळी, सफरचंद, खजूर आणि मधोमध गुलाब. पुरुषांनी डोकी झाकली, हिब्रूत 'एलियाहू हनाबी' गायलं गेलं आणि फळांवर आशीर्वाद म्हणून झाले. एलियाहू पैगंबर अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन तिथूनच स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. काकू म्हणाल्या, "आता गुडघे चालत नाहीत गं, नाहीतर आज मी तिथेच असते."

जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा दिवस म्हणजे तिशा बआव. त्याला यांच्याकडे 'बिरड्याचा सण' म्हणतात, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं होतं. हे ऐकून मी वाटी हातात घेऊन तशीच बसून राहिले. इतक्या दूरच्या मंदिराचं दुःख आमच्याच रोजच्या वालात जपलेलं!

१९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. काकूंची धाकटी बहीणही अश्दोदला असते. जेवणं झाल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याही टेबलावर तेच ताट होतं.

"पोहे जाड मिळाले का गं तुला?" काकूंनी विचारलं.

"मिळाले. पण नारळ बघ ना ताई, कसला कोरडा. अलिबागचा हवा होता."

निघताना काकूंनी डब्यात मलिदा भरून दिला आणि वर फडकं बांधलं. ठाणे स्टेशनपर्यंत वेलचीचा वास येत होता.