‘स्मूथ’ या एका शब्दासाठी

माझी भाची दहावीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली आणि आता बारावीला असून जेईई मेन व एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी प्रवेशाच्या दोन्ही परीक्षांची तयारी करते आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सराव परीक्षांचे सगळे पेपर घेऊन आम्ही दोन दिवस बसलो. तिचे भौतिकशास्त्र कच्चे आहे, असे तिच्या घरच्यांप्रमाणेच मलाही वाटत होते. पेपर तपासल्यावर तो समज टिकला नाही.

एक प्रश्न असा होता: कडे, तबकडी आणि भरीव गोल एकाच उंचीवरून उतारावर सोडले, तर तळाशी आधी कोण पोचेल? तिने भरीव गोल असे उत्तर दिले होते. वस्तू घरंगळत येत असतील तर ते बरोबरच आहे. उंचीमुळे मिळालेली ऊर्जा पुढे सरकणे आणि स्वतःभोवती फिरणे या दोन्हींत वाटली जाते. कड्याचे सगळे वस्तुमान परिघावर असल्यामुळे त्याची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते, तर भरीव गोलात हा वाटा सातात दोन एवढाच असतो, आणि वस्तुमान किंवा त्रिज्या बदलल्याने त्यात काहीही फरक पडत नाही. हे सगळे तिने मला न अडखळता समजावून सांगितले. मात्र प्रश्नात उताराच्या आधी ‘स्मूथ’ असा शब्द होता. घर्षणच नसेल तर वस्तूला फिरवणारे काही उरत नाही, तिन्ही वस्तू नुसत्या घसरतात आणि एकाच वेळी तळाशी पोचतात.

“मामा, शाळेच्या पुस्तकात आम्हाला ‘घर्षणरहित’ असे असायचे,” ती म्हणाली. “स्मूथ म्हणजे गुळगुळीत हे मला माहीत होते, पण तो नुसता वर्णनाचा शब्द असेल असे वाटले.”

त्या पेपरातल्या 22 चुकांपैकी 9 चुका अशाच निघाल्या. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे जिचे वस्तुमान धरायचे नाही अशी दोरी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. संभाव्यतेच्या उदाहरणात ‘अ‍ॅट लीस्ट वन’ म्हणजे किमान एक, हे घाईत निसटले होते. नाणे तीनदा फेकल्यावर किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता सात अष्टमांश असते, तिने तीन अष्टमांश काढली होती, म्हणजे नेमका एकच छापा धरला होता. रसायनशास्त्रात ‘चुकीचे विधान कोणते’ असे विचारलेले असताना तिने पहिले बरोबर विधान निवडले होते.

मीसुद्धा मराठी माध्यमातूनच शिकलो. अकरावीचे पहिले काही महिने आपल्याला विज्ञान झेपणार नाही असे मी मनाशी धरून चाललो होतो, आणि ते ओझे या मुलीने वाहू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या दोन परीक्षांत शब्द निसटण्याची किंमत सारखी नाही. जेईई मेनमध्ये 180 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 2 मिनिटे 24 सेकंद मिळतात, आणि बरोबर उत्तराला 4 गुण असून चुकीच्या उत्तराचा 1 गुण कापला जातो; त्यामुळे प्रश्न येत असूनही शब्द चुकला तर 5 गुणांचे अंतर पडते. सीईटीत गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. मात्र भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असल्यामुळे वाट्याला येतात अवघे 54 सेकंद, आणि त्यात शब्दाशी थांबून विचार करायला वेळ उरत नाही. तो अर्थ आधीच अंगवळणी पडलेला असावा लागतो.

जेईई मेन 2021 पासून मराठीतूनही देता येते, पण अनुवादात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच प्रमाण मानला जातो. सीईटीचे गणित इंग्रजीतच असते आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटी प्रवेशासाठीची पुढची परीक्षा, इंग्रजी व हिंदीतच होते. म्हणून इंग्रजी शब्द टाळण्यात अर्थ नाही, पण मराठी शब्द टाकून देणे मला त्याहून घातक वाटते, कारण तिची संकल्पना ‘घर्षणरहित’ या शब्दात पक्की बसलेली आहे आणि ‘स्मूथ’ला त्याच्याशी जोडले की काम होते.

आम्ही एक शंभर पानी वही घातली आहे. डाव्या बाजूला प्रश्नातला इंग्रजी शब्द, उजवीकडे शाळेतला मराठी शब्द, आणि खाली तो शब्द बदलला तर उत्तर कसे बदलते याचे एक उदाहरण. आजवर 63 शब्द झाले आहेत. दर रविवारी फोनवर ती मला एक जुना पेपर वाचून दाखवते. त्या वेळी गणित सोडवायचे नाही, फक्त उत्तर फिरवणारे शब्द अधोरेखित करायचे, असे आमचे ठरले आहे. मागच्या रविवारी ‘रफ’ शब्दाशी ती आपणहून थांबली आणि म्हणाली, “मामा, इथे मात्र घरंगळणार.”